वाल्मीकआप्पांच्या जुड्या

"डॉक्टर आणि भाजीवाला, दोघांचीही दुकानं बंद करतो की नाय बघाच!" वाल्मीकआप्पा गांगुर्ड्यांनी टपरीवर जाहीर करून टाकलं. सातपूरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. "मशीन ऐकतंय माझं, झाड नाय ऐकणार?"

आणि झाडांनी ऐकलं की हो! गच्चीवर ऑइलचे रिकामे डबे, गळक्या बादल्या, त्यात कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओवा, अडुळसा. सगळं असं माजलं की गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल सापडेना!

खरं सांगायचं तर आप्पांना ना डॉक्टरचं दुकान बंद करायचं होतं ना भाजीवाल्याचं. माघात त्यांची बायको लंकाबाई गेली, मुलगी उज्वला मनमाडला आपल्या संसारात, आणि रिकामं घर आप्पांना खायला उठायचं. डब्यांना पाणी घालण्यात निदान सकाळ तरी निघायची.

पण एकटा माणूस खाऊन खाऊन किती पुदिना खाणार? आप्पांनी आमटीत पुदिना घातला, चहात ओवा घातला, तब्येतीसाठी पेलाभर अडुळशाचा रस प्यायले आणि पुढचे दोन दिवस संडासाची कडी काढलीच नाही.

मग त्यांना आठवलं. गावाकडून शेवगा आला की लंकाबाई तो ताटलीतून घरोघर पोचवायची. ताटली कधी रिकामी परत यायची नाही, आणि ताटलीबरोबर आलेली बाई दिवेलागणीपर्यंत उठायची नाही! तेव्हा आप्पा वैतागायचे, "काय बाजार भरवलाय!" आता तो बाजार भरावा म्हणून जीव तुटत होता. आपणही वाटू, म्हणाले. कोणीतरी येईल, घडीभर बसेल, दोन शब्द बोलेल.

पण वाटणारा माणूस फिटर! त्यांनी एकसारख्या जुड्या केल्या, देठं समान कापली, रबर लावलं. सायकलच्या कॅरिअरला क्रेट बांधला, वर ओलं गोणपाट टाकलं आणि सकाळी आठला कॉलनीत निघाले. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला कोण काय समजेल?

"काका, कशी दिली जुडी?" पहिल्याच गल्लीतल्या दीपमालाने खिडकीतून विचारलं.

"नाय वो ताई, तशीच घ्या!"

दीपमालाचे डोळेच भरले. "लाजताय कशाला काका? कष्टाची कसली लाज!" तिने दहाची नोट बळेच त्यांच्या खिशात कोंबली. पलीकडच्या सुमनबाई तर घासाघीस करून मोकळ्या झाल्या, "दहाला दोन द्या, नायतर राहू द्या!"

दुसऱ्या गल्लीत "पेन्शन बंद झाली वाटतं" झालं. तिसऱ्या गल्लीत "पोरीनं टाकलं बापाला"!

संध्याकाळी दारावर टकटक झाली. आप्पा धडपडत उठले, दार उघडलं. उंबऱ्यावर गरम जेवणाचा डबा होता आणि माणूस पसार! आप्पांना ओशाळं वाटू नये म्हणून लोक डबा ठेवून पळत होते. चार दिवस चार डबे आले. आप्पा दरवेळी जिन्यापर्यंत धावले, "अवो, बसा तरी!" जिना रिकामाच. पिठलं लय चवदार होतं, पण आप्पांनी दोन घास खाऊन तसंच झाकून ठेवलं.

पाचव्या दिवशी कोणीतरी क्रेटसकट आप्पांचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, "आपल्या काकांकडूनच घ्या." तो फिरत फिरत मनमाडला पोचला. सहाव्या दिवशी सकाळच्या गाडीने उज्वला हजर! आईच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच!

"आप्पा! भाजी विकता? सासरी काय तोंड दाखवू मी?"

"विकत नाय गं, वाटतोय!"

"आणि या खिशातल्या नोटा?"

आप्पांनी खिसा हाताने झाकला. ती दिवसभर बोलत होती. बोलता बोलता तिने ओटा घासला, भाकरी थापल्या, आईच्या फोटोवरची धूळ पुसली आणि तिथेच हमसून हमसून रडली. आप्पाही रडले. सात महिन्यांत त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. भाकरी मात्र दोघांनी पोटभर खाल्ली.

"थांब की आजच्या दिवस."

"पोरांची शाळा आहे, आप्पा." संध्याकाळी रिक्षात बसताना तिने बोट रोखलं. "पण सांगून ठेवते! परत विकताना दिसलात तर सगळं टाकून तडक येईन!"

"येशील?"

"येईनच! बघाच तुम्ही!"

रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी आप्पा फाटकाशी उभेच होते.

दुसऱ्या दिवशी सात वाजायच्या आत आप्पा दीपमालाच्या खिडकीखाली सायकल लावून उभे होते, आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने ओरडत होते, "कढीपत्ताऽऽ! पुदिनाऽऽ! दहाला जुडीऽऽ! अवो ताई, फोटो काढा ना एखादा!"