काटा कुठं हाय?

नथ्थूजी करंट चाटून पाहत. फटफटीच्या बॅटरीच्या दोन वायरी सोडवायचे, जिभेच्या टोकाला लावायचे, डोळे मिटायचे आणि भाजीत मीठ किती पडलंय ते सांगावं तसं सांगायचे, "सहा व्होल्ट नाही वं सूनबाई, साडेपाच असंन."

तेव्हा आम्ही शहराबाहेर वाडीला राहत होतो. ट्रकांच्या गोदामांमागं भाड्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तिथं. आमचे हे गोदामात कामाला. शेजारच्या खोलीत नथ्थूजी एकटेच; मला ते सूनबाई म्हणत. गिरणीत वायरमन होते, आता घरी बसलेले. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी शांता भिवापूरला दिलेली. आणि दारात उभी त्यांची हिरवी फटफटी.

चाटणं झालं की हुंगणं. फटफटीत डायनमो असतो, तो वीज करतो. ती बॅटरीत भरते. दोघांच्या मध्ये एक डबी असते, तिला कटआउट म्हणतात. वीज बॅटरीकडे जाऊ द्यायची, उलटी येऊ द्यायची नाही, हे तिचं काम. हे त्यांनी मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली. त्या डबीला नाक लावून ते सांगत, जळली की नाही. मग डायनमोला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवायचे आणि त्याची मूठ कानाला लावून ऐकत बसायचे. आमचे हे म्हणत, "डॉक्टर पेशंटले पाहत नाही इतकं म्हातारं फटफटीले पाहते."

एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम असे. "करंट झूट बोलत नाही सूनबाई. झूट बोलते तो माणूस."

त्या दिवाळीत शांताला मुलगी झाली. बारशाला नथ्थूजी फटफटीवरच जाणार होते. नेमकी तेव्हाच चार्जिंग बंद पडली; चार्जिंग नाही म्हणजे रात्री लाइटचा भरवसा नाही. बारसं गेलं, संक्रांत गेली, नातीचं तोंड काही पाहून झालं नाही. हाताला ग्रीस आहे म्हणून पोस्टकार्ड ते मला लिहायला लावत. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर बरं होतं. दर कार्डात मजकूर एकच. चार्जिंगचं काम निघाले आहे, झाले की येतो.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "काकाजी, यष्टीनं जा ना."

"फटफटीवाल्यानं यष्टीनं जावं?"

"मंग दिवसा जा. दिवसा उजेड असते, लाइट कायले पाहिजे?"

"अन् रस्त्यातच दिवस बुडाला तं?"

सकाळी निघालेल्या माणसाचा दिवस भिवापूरच्या आधी कसा बुडेल, ते मला कळलं नाही. पण मला त्यांचं बरंच काही कळत नसे, त्यात हे एक.

चार्जिंग पाहायला हेडलाइटच्या डोक्यावर एक गोल घड्याळ होतं. त्यात एकच काटा. त्याच्या काचेवरच्या खुणा केव्हाच पुसल्या होत्या. इंजिन जोरात फिरवलं आणि काटा उजवीकडे गेला तर बॅटरी भरते आहे. डावीकडे गेला तर रिकामी होते आहे. काटा पाहायचं काम माझं होतं. ते सीटवर बसून किक मारत, मूठ पिळत आणि ओरडत, "काटा कुठं हाय वं?"

परक्या पुरुषाच्या खांद्याशी उभं राहणं मला जमत नसे. मी पदर सावरून फटफटीच्या तोंडापुढं उभी राहायची आणि सांगायची, "डावीकडं."

"गेली भेंडी!" म्हणत ते इंजिन बंद करायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी डायनमोतले झिजलेले कार्बन बदलले. काटा डावीकडं. कटआउट बदलला. डावीकडं. सगळ्या वायरी उपटून नव्या घातल्या. डावीकडं. डायनमो काढून सीताबर्डीच्या वाइंडिंगवाल्याकडे पाठवला. तो म्हणाला, डायनमो एकदम ठीक आहे. नथ्थूजी चार दिवस त्याला चोर म्हणत होते.

त्यांना सगळ्यात छळत होती ती बॅटरी. ती उतरतच नव्हती. "नळ बंद हाय अन् रांजण भरलेला," ते कपाळाला हात लावून म्हणत. "हे कोणतं पाणी म्हणावं?" जीभ लावून पुन्हा पाहत. "सहा! पुरे सहा!" आम्ही दोघं त्या बॅटरीकडे बघत बसायचो. तिचं काय चाललं होतं, त्यांनाही कळत नव्हतं. मला तर नाहीच नाही.

होळीच्या आधी एका सकाळी गोदामाचा एक ट्रक आमच्या ओळीपुढं असा लागला, की फटफटीच्या तोंडापुढं उभं राहायला जागाच उरली नाही. नाइलाजानं मी नथ्थूजींच्या मागून, त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

"काटा कुठं हाय?"

"उजवीकडं."

"काय?"

मी गोंधळले. ट्रक आणि चाक यांच्या फटीत अंग चोरून पुढून वाकून पाहिलं. डावीकडं. मागं आले. उजवीकडं. पुन्हा पुढं गेले. काटा जागचा हलला नव्हता. मीच इकडून तिकडं होत होते. हे तेव्हा लक्षात आलं.

"काकाजी," मी म्हटलं, "मी इतके दिवस उलटं सांगून राहिली होती."

त्यांनी इंजिन बंद केलं. "म्हणजे चार्जिंग होऊन राहिली होती?"

"हो जी."

"कार्बन बदलले तवापासून?"

"हो जी."

ते रागावतील किंवा हसतील असं वाटलं. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. टाकीवरून हात फिरवत राहिले. मग कोर्टातून बोलावणं आल्यासारखे म्हणाले, "मंग आता निघाच लागते."

कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "काकाजी, काटा तं तुमच्या नाकासमोर असते. तुम्ही काहून नाही पाहत?"

ट्रकवाला हॉर्न देत होता. तो थांबल्यावर ते बोलले. "पहिले काटा गेला. मंग रस्त्यावरचे दगड गेले. आता समोर तू हायेस का तुह्या आंगणातली दोरीवरची चादर, ते तू बोलल्यावर समजते."

मला चाटणं, हुंगणं, ऐकणं, सगळं एकदम आठवलं.

"शांतीले सांगू नको. लहानपणी टाकीवर बसे, अन् मी किक मारली की काटा सांगे. तिले वाटते, बाप अन् फटफटी कधी बंद नाही पडत. कार्ड आण. लिही, चार्जिंगचं काम अजून बाकी हाय."

मी कार्ड आणलं. ते सांगत होते ते मी तसंच्या तसं मोठ्यानं म्हणत गेले. लिहिलं मात्र दुसरंच. "फटफटी चांगली आहे. काकाजींना दिसत नाही. ते सांगणार नाहीत. तुम्ही या." त्यांच्यासमोर मी झूट बोलत होते आणि कार्डावर खरं. कार्ड टाकून आले आणि दोन दिवस त्यांच्या दाराकडं फिरकले नाही.

आठवड्यानं शांता आली, कडेवर मुलगी.

"अचानक कशी आली वं?"

"तुमची चार्जिंग पाहाले. अन् उद्या डोळ्याच्या दवाखान्यात जायचं हाय."

"कोणाले?"

"मले. तुम्ही फक्त संगं चला."

नथ्थूजी एकदा माझ्या बाजूला वळले. शांतानं मुलगी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्या टाळूला नाक लावलं, कान लावला. म्हणाले, "डोळे बिलकुल शांतीसारखे हायेत." ते कसे पाहिले, असं कोणी विचारलं नाही.

मग ते सीटवर बसले. शांता त्यांच्या खांद्याशी उभी राहिली, मुलीला टाकीवर धरून. त्यांनी किक मारली, मूठ पिळली आणि सवयीनं ओरडले, "काटा कुठं हाय वं?"

"उजवीकडं हाय, बाबा," शांता म्हणाली.

मी माझ्या जुन्या जागी, तोंडापुढं उभी होते. मला तो डावीकडंच दिसत होता.