पंचकोनात अडकलेल्या मोठ्या बाई

"आज फळा नाही, खडू नाही. आज पोरं पंचकोन पायांनी शिकणार," चौथीच्या बाईंनी डबा भरता भरता घरात जाहीर केलं. कडेवरच्या बाळाने त्यांचं कोनमापक चघळून संमती दिली.

"पायांनी शिकवणार, मग डोकं घरी ठेवून जाणार का?" नवरोबांनी विचारलं.

सासूबाईंना वेगळीच काळजी होती. "माझा लोकरीचा गुंडा नेतेयस खरी. पण बाळाच्या टोपीची लोकर आहे ती. जशी नेलीस तशी आण."

"आई, एक दोरासुद्धा तुटणार नाही."

तीन वर्षं बाई तात्पुरत्या होत्या. आज मोठ्या बाई त्यांचा तास बघणार होत्या आणि त्यावर कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार होतं. म्हणून बाळ झोपलं की बाईंनी चोरून चोरून तयारी केली होती. पंचकोन काढला, आतला कोन मोजला, एकशे आठ अंश भरला, तेवढाच कोन पुठ्ठ्यातून कापला.

मैदानावर मोठ्या बाई नीट दिसावं म्हणून बरोबर मध्ये उभ्या राहिल्या. गुंडा भिंगरीच्या हातात होता. या पोरीला शांत बसवणं म्हणजे पाऱ्याची मोळी बांधणं.

"दहा पावलं चालायचं," बाईंनी सांगितलं. "मग पुठ्ठ्याची एक कड नाकासमोर धरायची, दुसऱ्या कडेकडे वळायचं. प्रत्येक कोपऱ्यावर एकीने लोकर धरून थांबायचं. निघालो तिथे परत येईपर्यंत थांबायचं नाही."

भिंगरी निघाली. दुसऱ्या वळणानंतर लोकर मोठ्या बाईंच्या पाठीला घासून गेली. चौथी बाजू पहिलीला आडवी गेली.

"बाई, रस्ता ओलांडू?" भिंगरीने विचारलं.

बाईंनी मनातल्या मनात कोन पुन्हा मोजला. पण चेहरा त्यांनी कायम नोकरीवाल्याचा ठेवला. "चालत राहा."

पाच कोपरे झाले, सुरुवात काही येईना. सहा झाले, सात झाले. मैदानावर कोळ्याने जाळं विणायला घेतलं होतं आणि माशीच्या जागी मोठ्या बाई होत्या. त्यांनी वाकून बाहेर यावं म्हटलं तर गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला.

"पोचलो," भिंगरी धापा टाकत म्हणाली. "पण बाई, कोपरे दहा झाले."

"कात्री आणा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कात्री नको, बाई. सासूबाईंची लोकर आहे."

हे सांगितल्यावर आता गमावण्यासारखं फारसं उरलं नाही, हे बाईंच्या लक्षात आलं. मग त्यांनी पदर खोचला. "कुठे चुकलं, कोण सांगेल?"

वर्गातली शंकासूर मुलगी पुठ्ठा हातात फिरवत होती. "बाई, हा कोन तर आतला. त्याची एक कड आपण आलो त्या बाजूला हवी. आपण पुढे धरली."

"म्हणजे वळायचं किती?"

"सरळ रेषा एकशे ऐंशी. त्यातून एकशे आठ गेले... बहात्तर."

बहात्तरचा पुठ्ठा तिथल्या तिथे कापला. भिंगरीने लोकर तिथेच ठेवून रिकाम्या हाताने पावलं मोजली, जाळ्यावरून उड्या मारत. पाचव्या वळणावर ती निघाल्या जागी, निघाल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. तिचा स्वतःचाच विश्वास बसेना.

"पाच वेळा बहात्तर," शंकासूर ओरडली, "तीनशे साठ. एक पूर्ण गिरकी!"

"आणि मघाशी?" जाळ्यातून प्रश्न आला.

पोरींनी बोटांवर हिशेब केला, कपाळाला आठ्या घातल्या. "दहा वेळा एकशे आठ, एक हजार ऐंशी. तीन गिरक्या, मोठ्या बाई. म्हणून तर भिंगरीला चक्कर आली."

मोठ्या बाईंनी पाठीला टेकलेली लोकर बाजूला केली. "तास चुकला," त्या म्हणाल्या. "पण चूक पोरींनी पकडली आणि तुम्ही पकडू दिली. कायम करते. आधी मला सोडवा."

संध्याकाळी बाईंनी पेढा द्यावा तशा थाटात बातमी दिली. बाळ टाळ्या वाजवत होतं. सासूबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, तिची पिशवी उघडली आणि आतलं लोकरीचं भेंडोळं वर काढलं.

"दोरा एकही तुटला नाही, आई," बाई घाईने म्हणाल्या.

"दिसतंय," सासूबाई म्हणाल्या आणि भेंडोळं सुनेच्या मांडीवर ठेवलं. "आता बस सोडवायला. कुठल्या गाठीला किती अंश वळायचं, ते तुलाच माहीत."