निळे, लाल आणि दिगूकाका

दिगूकाका कुणाच्याही घरी गेले की उंबरठा ओलांडल्याबरोबर वाकतात. नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांची नवी सून तर "अहो काका, हे काय, मी पडते ना पाया!" म्हणत मागे सरकली आणि पाण्याच्या हंड्याला धडकली. काकांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा होता आणि त्याच्यावरचं बोटभर स्टिकर ते वाचत होते. वाचून झाल्यावर गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि म्हणाले, "निळा. असू दे. माणसं चांगली आहेत."

हे निळं-लाल प्रकरण आधी सांगून टाकते. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. आपल्या घरी, शाळेत, ऑफिसात जे कॉम्प्युटर असतात त्यांचे मेंदू बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यतः दोन, आणि त्यांचं गेली कित्येक वर्षं हाडवैर. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी दिगूकाका या दोन्ही कंपन्यांची नावं घेत नाहीत. एक निळे, एक लाल. लाल म्हणजे 'आपले'. निळे म्हणजे 'ते'. त्या 'आपल्या' कंपनीला आमचं जव्हार कुठे आहे हे ठाऊक असण्याची काडीमात्र शक्यता नाही, असं मी एकदा बोलून बसले. काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या आयुष्यातले ते आठ दिवस फार शांत गेले.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवते आणि अकरा वर्षं काकांच्या समोरच्या घरात राहते. काका एका सरकारी कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यापासून पुढच्या खोलीत कॉम्प्युटर जोडून देतात आणि बिघडलेले दुरुस्त करतात. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला बाकावर बसवून दोन्ही घराण्यांचा इतिहास ऐकवायचा, मग काम. एकदा जामसरची एक बाई मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून घ्यायला आली होती. अर्धा तास ऐकून घेतलं बिचारीने. शेवटी म्हणाली, "काका, लाल का निला मना काय समजं नाय. पोरीचा फारम तेव्हडा भरून दे, माझी जीप जायल." काकांनी फॉर्म भरून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि वर बजावलं, "पोरीला सांगा, हा फॉर्म लालवर भरलाय. नापास व्हायचं नाही."

मध्ये बरीच वर्षं लालवाल्यांचे दिवस फार वाईट होते. निळे पुढे पळत होते आणि लालवाल्यांचा माल चुलीसारखा तापायचा. दुसऱ्या कुणी पक्ष बदलला असता. काका म्हणायचे, "तापतो म्हणजे काम करतो. थंड बसतो तो कारकून. मला विचारा!" काकूंना मात्र या तापण्याचा फायदाच झाला. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. सादळलेले नागलीचे पापड काकू त्या डब्यामागे, जिथून गरम वारा येतो तिथे, ताट भरून ठेवायच्या. माझ्या मुलाचे शाळेचे मोजेही तिथेच वाळले आहेत. पुढे लालवाल्यांनी एका मेंदूत आठ छोटे मेंदू, म्हणजे कोर, असलेली नवी जात काढली, ती तापेनाशी झाली आणि निळ्यांना घाम फुटला. त्या दिवशी काकांनी गल्लीभर पेढे वाटले. पोस्टमनने विचारलं, "काय काका, नातू?" काका म्हणाले, "नातू कसला घेऊन बसलात! आठ कोर आहेत आठ!" पोस्टमनने पेढा खाल्ला आणि कुणाला आठ काय झाले ते न विचारता सायकल हाणली.

पण या सगळ्या युद्धाला खरी रंगत होती ती सकाळी आठच्या फोनमुळे. फोन मोखाड्याला जायचा, मुकुंदरावांना. हे काकांचे कचेरीतले सोबती. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा प्रशिक्षणाला दोघांत एक मशीन मिळालं. कीबोर्ड मुकुंदरावांनी धरला, माउस काकांनी, आणि भांडण तिथेच सुरू झालं. मुकुंदराव कट्टर निळे. शिवाय त्यांना चूक म्हणून सहन व्हायची नाही. आलेल्या लग्नपत्रिका लाल पेनाने तपासून परत पाठवणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. माझ्या व्यवसायात मी पाठ्यपुस्तकाला जेवढा मान देत नाही, तेवढा हे प्रोसेसरच्या माहितीपत्रकाला द्यायचे.

"मुकुंद्या, वाचलंस का? झोपले तुझे निळे!" अशी काकांची आरोळी झाली की गल्लीत घड्याळं लावायची. काका भांडणात हरले की त्यांना काकूंची आदल्या दिवशीची आमटी अळणी लागायची आणि जिंकले की तीच आमटी फक्कड व्हायची. यात्रेतल्या बोहाड्याचा, म्हणजे मुखवटे घालून नाचणाऱ्या सोंगांचा, दाखला काका नेहमी द्यायचे. "समोर दुसरं सोंग नाचायला नको का? एकटंच नाचलं तर लोक उठून घरी जातील, बाई."

मग माघात मुकुंदरावांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की शब्द आत शाबूत आहेत, पण बोलण्याचा प्रयत्न त्यांनी स्वतः करायला हवा, आणि लवकर करायला हवा. मुकुंदराव करेनात. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्या, त्याला स्वतःचा बोबडा शब्द ऐकवत नव्हता. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. सकाळी आठचा फोन बंद झाला. गल्लीत शांतता पसरली आणि तेव्हा मला कळलं की मी या शांततेची मुळीच भुकेली नव्हते.

काका दर गुरुवारी मोखाड्याला जाऊ लागले. चैत्रातल्या एका गुरुवारी माझंही तिथल्या शाळेत काम होतं, म्हणून आम्ही एकाच एसटीने निघालो. काका वहीत डोकं घालून काहीतरी पाठ करत होते. मी डोकावले. पानभर निळ्यांची स्तुती! निळे कसे मोठे, निळे कसे पुढे. अक्षर काकांचंच.

"काका, हे काय? फितुरी?"

"गप्प बसा हो बाई," काका वही मिटत म्हणाले. "त्याची बाजू मांडायला सध्या कोणी नाही."

काम आटोपून दुपारी मी मुकुंदरावांकडे गेले. ते नेहमीप्रमाणे भिंतीकडे वळलेले. काका खाटेशेजारी खुर्चीत. आधी ते स्वतःची बाजू मांडत, मग आवाज जरा घोगरा करून मुकुंदरावांची, आणि दर वेळी मुकुंदरावांनाच जिंकवत. आतून त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या, भाकऱ्या थापण्याचा आवाज येत होता. पाठ काही वळत नव्हती.

मग काकांनी चष्मा काढला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आणि आम्हा निळ्यांचं खरं मोठेपण असं, की आमच्या पिना अजून प्रोसेसरच्याच पोटाला आहेत!"

मी चपापले. प्रोसेसर ही बिस्किटाएवढी चकती. तिच्या पिना चकतीलाच असण्याची तऱ्हा लालवाल्यांनी खूप वर्षं धरून ठेवली होती. निळ्यांनी कधीच त्या काढून खालच्या बोर्डात बसवल्या. हे काकांनीच मला शिकवलेलं. एवढी ढळढळीत चूक त्यांनी करणं शक्य नव्हतं.

खाटेवर पाठ हलली.

"पोटाला पिना," काका आणखी जोरात म्हणाले, "हीच आमची परंपरा!"

मुकुंदराव वळले. डावा हात गादीवर आपटला. चेहरा लाल झाला होता, ओठ वेडेवाकडे हलत होते. काका भोळेपणाने म्हणाले, "काय रे? बरोबरच आहे ना? पोटाला?"

"बो…" मुकुंदराव म्हणाले. लाळ गळली, त्यांनी ती पुसली नाही. "बो… बोर्डात!"

वहिनी पिठाच्या हातांनी धावत आल्या. "काय म्हणाले? काय म्हणाले हो?"

"बोर्डात," मी म्हटलं.

"बोर्डात?" वहिनी मटकन खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही ठाऊक नसावं. "दोन महिने देवापुढे दिवा लावला मी. म्हटलं, निदान माझं नाव तरी घेतील!"

काकांनी चष्मा चढवला. "बोर्डात ना? मग एक पिन वाकली की अख्खा बोर्ड फुकट! हे तुमचं शहाणपण?" असं ते नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले. ते उठले आणि चप्पल न घालताच अंगणात गेले.

परतीच्या एसटीत त्यांनी वही मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "घरात सगळे माझ्याशी गोड वागतात, बाई. सून चहा देते, मुलगा तब्येत विचारतो. पण माझं खोडून काढणारा तो एकटाच."

मोखाडा मागे पडून घाट लागला आणि काकांचा फोन वाजला. वहिनी होत्या. "भावजी, ह्यांना बोलायचंय," एवढं मलाही ऐकू आलं आणि पुढे खरखर. घाटात रेंज जाते हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काका ताडकन उभे राहिले. "गाडी थांबवा! इथेच थांबवा!"

ड्रायव्हरला वाटलं उलटी होतेय. त्याने गाडी बाजूला घेतली. काका उतरून रस्त्याच्या कडेला, जिथे रेंज होती तिथे, फोन कानाला लावून उभे राहिले. आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ न दिलेला हा माणूस गप्प उभा होता. एक मिनिट झालं, दोन झाली. खोडाळ्याहून आलेली एक आजी भाजीची टोपली सावरत म्हणाली, "काय सांगं तो पलीकडचा, इतका?"

"अजून काही नाही," मी म्हटलं. "पण सांगणार आहे."

ड्रायव्हरने आरशातून काकांकडे पाहिलं, आणि ऐकायला नीट यावं म्हणून इंजिन बंद केलं.