शेरा : पोतं उडालं

टेस्ट ड्राइव्हला माणसं बायकोला नेतात, पोरांना नेतात, गाड्यांतलं कळतं असा आव आणणारा एखादा मेहुणा नेतात. आमच्या नेरूळच्या सोसायटीतले गमरेकाका तांदळाचं पोतं न्यायचे.

आणि डिकीत नाही. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी, सीटबेल्ट लावून. पोत्याच्या गळ्यात सरकारी फाईलची पांढरी नाडी, नाडीला पुठ्ठ्याचं लेबल : '४६ कि.' शेजारी स्वतः गमरेकाका. मांडीवर वही, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर पोत्यावर. स्पीडब्रेकर आला की समोर म्हैस आडवी पडली तरी ते बघणार नाहीत. पोतं सीटवरून किती उडालं तेवढं बघणार आणि वहीत लिहिणार, 'शेरा : पोतं उडालं. नामंजूर.'

गाडी चालवणारा गाढव मी.

माझी निवड का झाली तेही सांगतो, उगाच गैरसमज नको. मी गाडी फार हळू चालवतो. सोसायटीतली पोरं मला 'वरात' म्हणतात, तोंडावर. तर एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात गमरेकाका, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"पवारसाहेब, विषय : गाडी चालवणे. मुद्दा क्रमांक एक, मला येत नाय. मुद्दा क्रमांक दोन, तुमच्याइतका हळू मानूस नेरूळमध्ये दुसरा नाय. सही करा नायतर चला."

मी चहा अर्धा टाकून गेलो. कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे, पुढचे आठ रविवार त्यात गेले.

गमरेकाका बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. पण कचेरी त्यांच्यातून रिटायर झाली नाही. त्यांच्या दारावरची बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "विषय?" वर्तमानपत्रवाला म्हणायचा, "पेपर." मगच दार उघडायचं. लिफ्ट बंद असल्याच्या नोटिशीवर लाल पेनाने 'कारण नमूद नाही' असं लिहिणारे तेच. अपुरी फाईल त्यांनी उभ्या नोकरीत कधी पुढे सोडली नाही. लोक सात-सात हेलपाटे घालायचे आणि जाताना यांच्या नावाने बोटं मोडायचे. ते स्वतः हे अभिमानाने सांगायचे. "एकदा सही केली की केली. मागं घेता येत नाय. मग आधी बघायला नको?"

अशा माणसाला घाईने निर्णय घ्यायची वेळ आली होती, हेच तर दुखणं होतं.

काकूंच्या छातीतला कॅन्सर मणक्यात उतरला होता. सुनंदाकाकू म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला कुळथाची पिठी खाऊ घालणारी बाई. मूलबाळ नाही, दोघंच. डॉक्टरांनी दहा शेक लिहून दिले होते. मशिनखाली झोपवून किरणं देतात, त्याला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. दहा पूर्ण झाले तर दुखणं उतरेल, त्या चालत्याफिरत्या राहतील. नाही झाले तर मणका दबून पाय जातील. इतकं सरळ सांगितलं होतं.

काकूंनी तीन शेक घेतले आणि जायला साफ नकार दिला.

शेकाचं काही नव्हतं हो, शेकात दुखत नाही. दुखायचं ते रस्त्यात. हॉस्पिटल सात किलोमीटर, त्यात एकोणीस स्पीडब्रेकर, गमरेकाकांनी मोजलेले. शिवाय पेव्हर ब्लॉक आणि खड्डे, ते मोजणीच्या पलीकडचे. रिक्षात त्या किंचाळल्या. टॅक्सीत ओठ चावून ओठ फुटला. मग ॲम्ब्युलन्स आणली, तर ती सगळ्यात वाईट. "ॲम्ब्युलन्स कसली, भाजीचा टेम्पो तो. वर दिवा लावलाय इतकंच," गमरेकाका म्हणाले. त्या दिवशी काकूंनी हात जोडले. "पाय गेले तर जाऊ देत. पन मला परत त्या रस्त्यानं नेऊ नका."

भीक नको पण कुत्रं आवर, म्हणतात ना, तसं झालं.

मग फंडाचे पैसे काढून गमरेकाका गाडी शोधायला निघाले. उंच हवी, म्हणजे पाय मुडपून खाली बसायला नको. मागची सीट पाठीमागे कलणारी हवी. आणि टायर मऊ हवेत. जिवंत माणसावर तर प्रयोग करता येत नाही, म्हणून पोतं.

रविवारचा कार्यक्रम ठरलेला. आधी काकू वजनकाट्यावर उभ्या राहायच्या, अंगावर जाड शाल. काका गुडघ्यावर बसून, चष्मा पुसून, आकडा स्वतः वाचायचे. बायकोच्या शब्दावर विश्वास ठेवला तर तो हेडक्लार्क कसला! मग आत गॅलरीत जाऊन, दार लावून, पोत्यातून पेल्याने तांदूळ काढायचे. शेहेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस. नवीन लेबल. मग वॉचमन पोतं खाली आणायचा. मी कधी उचललं नाही. माझी कंबर धरते, असं मी सांगितलं होतं. कंबर धरत नव्हती, आळस होता.

शोरूमची पोरं तर आमच्या नावाने थरथरायची. एक टाय लावलेला बिचारा भक्तिभावाने सांगत होता, सर, सनरूफ आहे, आत सात रंगांचे लाइट आहेत, चारी बाजूंनी कॅमेरे आहेत.

"छपराला भोक कशाला?" गमरेकाका म्हणाले. "विषयाला धरून बोला. टायरचं पोट किती?"

"पोट, सर?"

काकांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, शोरूमच्या चकचकीत फरशीवर चक्क आडवे झाले आणि रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं रबर मोजलं. "बघा. रिम मोठी, रबर चार बोटं. मिरवायला बरं. खड्डा आला की हिसका थेट मानसाच्या पाठीत." मग टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचले, कितव्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते. "आनि हा बघा, गाडी नवी म्हनता, टायर जन्मून सव्वा वर्ष झालं. रबर कडक झालं ना ह्याचं!"

पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, अंकल घेणार आहेत ना नक्की?"

मलाही तीच शंका यायला लागली होती. कारण घोडं अडलं ते असं अडलं. एक गाडी सापडली. पण तिची कलणारी मागची सीट फक्त सगळ्यात महागड्या मॉडेलमध्ये, आणि त्या मॉडेलला बारीक पोटाचे अठरा इंची टायर. जाड पोटाचे सोळा इंची टायर खालच्या मॉडेलला, तर त्याची सीट ताठ, बाकड्यासारखी. काकांनी अर्ज दिला : वरची सीट, खालचे टायर. कंपनीचं उत्तर आलं, असं मिळत नाही. काकांनी स्मरणपत्र दिलं. मग दुसरं स्मरणपत्र.

इकडे काकूंना गॅलरीपर्यंत जायला भिंत धरावी लागायला लागली.

त्याच सुमारास माझी बायको वंदना त्यांच्याकडून आली ती डोळे पुसतच. काकूंना वजनाच्या आधी शाल पांघरायला मदत करायला गेली होती. शालीखाली काकूंनी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता कमरेला बांधला होता.

"मला म्हणाल्या, आकडा कमी दिसला की ह्यांना जेवन जात नाय गं. तू बोलू नकोस. तुला माझी शपथ."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे लेबल खोटं, पोतं खोटं, आणि त्या खोट्या पोत्यावर हा माणूस दोन महिने गाडी ठरवतोय! हलकं माणूस जास्त उडणार, एवढं तर मलाही कळतं. सांगावं तर बाईची शपथ मोडते. न सांगावं तर सगळी मोजमापं पाण्यात. मी सांगितलं नाही. त्याऐवजी दुसऱ्याच गोष्टीवरून भडकलो, माणूस भडकतो तसा.

"अहो काका, शेक थांबलेत तिकडे! आणि तुम्ही पट्ट्या घेऊन टायर मोजताय? घ्या कुठलीही आणि व्हा मोकळे! ही काय पेन्शनची फाईल आहे का?"

पार्किंगमध्ये बोललो, चारचौघांत. गमरेकाकांनी वही बंद केली.

"पवारसाहेब," ते म्हणाले, "कुठलीही घेतली आनि ती त्या गाडीत एकदा जरी ओरडली, तर परत खाली उतरनार नाय. मी ओळखतो तिला. मला एकच सही करायची हाय."

मला माझीच शरम वाटली. त्याच संध्याकाळी मी त्यांना शिरवण्याच्या एका टायरवाल्याकडे घेऊन गेलो. आमचं म्हणणं त्याने दोनदा ऐकून घेतलं. "म्हणजे नवी कोरी टॉप गाडी घेणार, अलॉय काढणार आणि साध्या रिमवर जाड टायर चढवणार?" तो हसायलाच लागला. "लोक माझ्याकडे सोळा काढून अठरा टाकायला येतात चाचा. उलटं करणारे तुम्हीच पहिले." मग काकांनी कारण सांगितलं. त्याचं हसू गेलं. त्याने ब्रेकला रिम घासत नाही ना ते तपासलं, टायर ताजे मागवले, आणि हवा किती ठेवायची तेही लिहून दिलं.

गाडी घेतली, टायर बदलले आणि पोत्याची शेवटची फेरी झाली. लेबल '४२ कि.' एकोणीसच्या एकोणीस स्पीडब्रेकर. पोतं सीटवर सुखाने बसून राहिलं. मला मात्र त्या लेबलाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी काकू. वॉचमनने आणि काकांनी खुर्चीवरून आणून सीटवर ठेवल्या. मी गाडी अशी चालवली की मागून शाळेच्या बसवाल्यानेही शिव्या घातल्या. पहिला स्पीडब्रेकर आला. गाडी चढली, उतरली. मागे शांत. दुसरा, तिसरा. चौथ्यानंतर काकूंचा आवाज आला, बारीक, पण हसरा.

"काय हो हेडक्लार्क, शेरा?"

मी आरशात बघितलं. काकांनी वहीत लिहिलं आणि वही काकूंसमोर धरली. काकूंनी मोठ्याने वाचलं, "मंजूर." आणि डोळे मिटले.

राहिलेले सातही शेक झाले. दुखणं खरंच उतरलं. पाय गेले नाहीत. काकू गॅलरीत उभ्या राहून खाली भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या, इतपत झाल्या. एकदा तर कुळथाची पिठीही केली. पण तो रोग मणक्यापुरता थोडाच राहतो! अडीच महिन्यांनी त्या घरीच गेल्या, पहाटे, झोपेत. पुण्यानुमोदन सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. गमरेकाकांनी आलेल्या प्रत्येकाचं नाव वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सोसायटीची चिठ्ठी आली. पार्किंगमध्ये उंदीर झालेत, गाड्यांच्या वायरी कुरतडतात, कोणी गाडीत धान्य ठेवू नये. पोतं त्या शेवटच्या फेरीपासून डिकीतच होतं. गाडीची किल्ली माझ्याकडे. काकांना घेऊन खाली गेलो. वॉचमन सुट्टीवर, म्हणजे उचलणं माझ्या नशिबी. डिकी उघडली. नाडी तशीच, लेबल तसंच, '४२ कि.' बेचाळीस किलोच्या तयारीने मी श्वास रोखला, दोन्ही हात घातले, हिसका दिला आणि पोत्यासकट मागच्या मागे खांबावर आपटलो.

पोतं हलकं होतं. बरंच हलकं.

"पस्तीस हाय," गमरेकाका म्हणाले.

"पण लेबल..."

"लेबल तिच्यासाठी. वर गॅलरीतून बघायची ना ती." ते गाडीला टेकून उभे होते. "पहिल्यांदा नुसता बत्ता असायचा. मग खल पन आला. शेवटी शेवटी पाट्याचा वरवंटा. मला स्वयंपाकघरात दिसायचं ना, वजनाच्या दिवशी काय काय जागेवर नाय ते. तेवढं मी वजा करायचो. तांदूळ काढताना दार लावायचो ते त्यासाठीच."

"मग काकूंना बोलला का नाहीत? अहो, मणक्याचं दुखणं, आणि सात किलो अंगाला बांधून उभी राहायची ती बाई!"

"मी आकडा लवकर वाचायचो," ते म्हणाले. "चष्मा न पुसता वाचायला लागलो. तेवढंच करता येत होतं. तिला वाटायचं मला कळत नाय. त्यात तिला बरं वाटायचं, पवारसाहेब."

माझ्या हातात पस्तीस किलो तांदूळ. मला ते खाली ठेवता येईना.

"वर नेऊ का?" मी विचारलं.

"वर नेऊन काय करू? ह्याचा भात मला खाववनार नाय. आनि दुसऱ्याला देववनार पन नाय."

मी मागचं डावं दार उघडलं, पोतं खिडकीशी ठेवलं, बेल्ट लावला. गमरेकाका पलीकडून आत बसले. वही आणली नव्हती. त्यांनी हात पोत्यावर ठेवला. मी गाडी काढली आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लावली, कारण आम्हाला दोघांना तोच रस्ता पाठ होता.

पहिल्या स्पीडब्रेकरवरून मी गाडी जितकी हळू नेता येते तितकी हळू नेली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. वाजवू दे.

"काका, उडालं का?" मी आरशात न बघता विचारलं.

"नाय," गमरेकाका म्हणाले. "बसून हाय."