दुसरी बाटली

गफ्फार मिस्त्रीनं पहिली बाटली काठोकाठ भरली आणि दुसरीसाठी थेंबही उरला नाही.

दारव्ह्याच्या एका दवाखान्यात शिबिर होतं. पोटातला जंतू लघवीवरून ओळखणाऱ्या दोन कंपन्यांच्या दोन चाचण्या होत्या, आणि त्यातली खरी कोणती हे डॉक्टर अनिमेष ताडून पाहत होते. म्हणून प्रत्येकाला दोन बाटल्या, एक हिरव्या झाकणाची, एक लाल. जंतू निघाला तर चौदा दिवसांचं औषध फुकट.

जिनिंगमधली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या गफ्फारचं पोट तीन वर्षं जळत होतं. पण ती कापसाची वाईट वर्षं, शेतकरी फवारणीचं विष पिऊन जीव देत होते. पोट धरून आलेल्या माणसाला कुठल्याही दवाखान्यात एकच प्रश्न, "काय पिलं?" काही पिलं नाही म्हटलं की घरी पाठवत.

"पाणी पिऊन बसा जरासे, होईल," सोबत आलेला, जिनिंगमध्ये कापूस तोलणारा काटेबाबू नीळकंठ म्हणाला.

"बारा वाजता बंद करते ते. अन् एक खाना रिकामा राह्यला का फॉर्म गेला समजा."

हे त्याला आत्महत्यांची पाहणी करत फिरणाऱ्यांनी शिकवलं होतं. त्या वर्षांत गावोगाव इतके लोक फॉर्म घेऊन हिंडले की माणसं एकच शहाणपण शिकली. खरं काय ते कोणी बघत नाही, रिकामं काय ते सगळे बघतात.

"नीळकंठभाऊ, तुम्हीच भरून द्या ना. तुमचं पोट तं ठणठणीत हाय."

"माही कायले?"

"लघवीवर काय नाव लिवलं राह्यते?"

नीळकंठ मैत्रीला जागला आणि त्यानं लाल बाटली भरली.

हिरवी चाचणी म्हणाली, जंतू नाही. लाल म्हणाली, आहे. डॉक्टर हरखलेच. "यातली एक नक्की खोटं बोलतेय!" त्यांनी गफ्फारच्या घशातून नळी घालून पाहिलं. जंतू होता. लाल खरी ठरली, हिरवी बाद झाली, गफ्फारला गोळ्या मिळाल्या.

बाहेर बाकावर नीळकंठचा चेहरा उतरला होता. "म्हंजे मले बी हाय! सांगू का डॉक्टरले?"

"सांगाल तं माह्या गोळ्या वापस घेतील ना ते."

मग गफ्फारनं पाकीट फोडलं. "अल्ला पाहून राह्यला. निम्म्या तुमच्या."

सात दिवस यानं घेतल्या, सात दिवस त्यानं. नीळकंठचं पोट तर कळल्या दिवसापासूनच जळायला लागलं होतं.

दीड महिन्यानं गफ्फारला पुन्हा नळी घातली. जंतू जागच्या जागी.

"काका, गोळ्या मध्येच सोडल्या का?"

"नाही साहेब. एक बी वाया नाही गेली."

डॉक्टरांनी लिहिलं, 'या भागातला जंतू औषधाला दाद देत नाही.' कागद वरपासून खालपर्यंत तपासला आणि फाइल मिटली.

"अन् माहं पोट, साहेब?"

"आता यायची गरज नाही, काका. तुमचा फॉर्म अगदी पूर्ण आहे. एकसुद्धा खाना रिकामा नाही."