नानांच्या सालीच्या पुड्या

नाना कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी झाडाला भेटत. खोडाला नाक टेकेल इतके जवळ जात, भिंग डोळ्याला लावत आणि पुटपुटत, "वा! काय वस्ती आहे!" घरची मंडळी ओसरीवर वाट बघत उभी असत, त्यांचं त्यांना भान नसे.

धुळ्यात आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच राहत. हायस्कुलात शास्त्र शिकवत. झाडाच्या सालीवर डोळ्यांना धड न दिसणारी बुरशी वाढते, तिची ओळख पटवायची, हा त्यांचा ध्यास. सालीचा नखाएवढा तुकडा काढायचा, जुन्या उत्तरपत्रिकेच्या कागदात बांधायचा आणि वर पेन्सिलीने टिपण लिहायचं. अशा पुड्यांनी त्यांची ट्रंक भरली होती. एकदा पिंपळावर केशरी बुरशी सापडली म्हणून तीन दिवस त्यांना तहानभुकेची शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी कळलं, तो शेंदूर होता. "मुंजोबानं फसवलं हो वहिनी!" म्हणून स्वतःच पोट धरून हसले.

आणखी एक तऱ्हा होती. भर वैशाखातही कोटाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. चहा दिला तर पिशवीतून स्वतःचा पेला काढत आणि जेवायचा आग्रह केला की "माझं झालंय" हे ठरलेलं. मला मेलीला वाटे, एवढं कसलं सोवळं या माणसाचं!

स्वातंत्र्य मिळून चारेक वर्षं झाली असतील. माझ्या नणंदेला बघायला शिंदखेड्याची मंडळी येणार होती आणि नेमके दारातल्या कडुनिंबावर पांढरे डाग पसरले. माझे सासरे, आबा, हादरलेच. "झाडले कोड फुटनं शे! आते पोरनं लगीन कसं जमी? तोडी टाका."

नवी नवरी म्हणून या घरात आले, तेव्हा मला आपलं वाटलं ते फक्त हे झाड. त्याच्याखाली बसून मी माहेरची पत्रं वाचायची. मी तडक नानांकडे गेले.

नानांनी साल नेली, तपासली आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "आबा, ही बुरशी. वरच्या मेलेल्या सालीवर राहते. झाडाला काही करत नाही."

"आनी माणूसले? कोड लागस ना!"

नानांनी मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर सारली. कोपरापर्यंत पांढरे डाग होते.

"हे खरं कोड, आबा. हेसुद्धा कुणाला लागत नाही. पण लोकांना किती पटवायचं? म्हणून पेला जवळ ठेवतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा मला म्हणाले, "सूनबाई, नानासले पाट मांड."

"माझं झालंय," नाना म्हणाले.

"काही व्हयेल नही. बसा."

शिंदखेड्याची मंडळी आली तेव्हा झाड जागेवर होतं आणि झाडाखाली नानांचा पितळी सूक्ष्मदर्शक. मुलाच्या वडिलांनी डागांकडे बोट दाखवताच नानांनी त्यांना नळीला डोळा लावायला सांगितलं.

"बुरशीच्या बारीक पिशव्या दिसतात? एकेकीतली बीजं मोजा. आठच भरतील."

"बठ्ठा आठ भाऊ एकच थैलीमा?" ते ओरडले. "आनी भांडतस नही? आम्ही तीन भाऊ, नी तीन चुली!"

पुढे पाऊण तास ते मोजतच बसले. नणंद बिचारी पोह्यांच्या बशा घेऊन दारात खोळंबली. लग्न मात्र जमलं.

त्यानंतर आमच्याकडे तरी नानांचा पेला पिशवीतून निघाला नाही. झाड वाचलं, नणंद उजवली गेली, नानांचे उपकार कसे फेडायचे हेच मला कळत नव्हतं. पुढे त्यांची जळगावला बदली झाली. ट्रंक आवरायला मी गेले, तेव्हा आमच्या निंबाची पुडी हाती लागली. वर लिहिलं होतं, "कडुनिंब. पांढरा डाग. नाव लागलं नाही."

मी पुडी उलटली. मागेही तेच बारीक अक्षर होतं.

"या घरी पाटावर बसून जेवलो. वहिनींनी भरीत दोनदा वाढलं."