भाजीचा चार्ज

धनंजयरावांनी 'उद्यापासून भाजी तू आण' एवढं साध्या मराठीत म्हटलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण लखनौच्या एका संशोधन संस्थेत सव्वीस वर्षं फायली हाकलेला सेक्शन ऑफिसर साधं बोलेल कशाला? (या सव्वीस वर्षांत संस्थेने काय शोधलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण चुकीचं इंग्रजी क्रियापद त्यांच्या टेबलावरून पुढे सरकलं नव्हतं.)

निमित्त भेंडीचं झालं. दर रविवारी सकाळी ते निशातगंजला भाजी आणायला जात. त्या दिवशीची भेंडी त्यांच्या पत्नीने, चंद्रप्रभाबाईंनी, मोडून पाहिली. ती मोडेना. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की ही डोळे उघडे ठेवून घेतली का? धनंजयराव दुखावले. त्यांनी कोरा कागद काढून झोकदार इंग्रजीत लिहिलं, की भाजीखरेदीचा चार्ज मी आजपासून रिलिंक्विश करत आहे.

बेत सोपा होता. दुपारपर्यंत बायको विनवण्या करणार, हे दोनदा नाही म्हणणार आणि तिसऱ्यांदा नाइलाजाने पिशवी उचलणार. कारण भाजीचा कंटाळा होता कुणाला? साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी गोड आणि तळलेलं बंद केलं होतं, आणि भाजीच्या नावाखाली दर रविवारी दोन खस्ता कचोऱ्या नि चार जिलब्या बिनबोभाट पोटात जात होत्या. आठवड्यात तेवढंच सुख उरलं होतं बिचाऱ्यांना.

बाईंनी कागद वाचून त्या शब्दाचा अर्थ विचारला. इथे गप्प बसायचं, तर धनंजयराव खुर्ची ओढून बसले. मूळ लॅटिन, त्यांनी सुरुवात केली, मागे सोडून निघून जाणे. वापर पद, हक्क, ताबा अशा वजनदार गोष्टींसाठी. राजीनामा मागे घेता येतो, रजा रद्द होते, पण रिलिंक्विश केलं ते केलं. बोलता बोलता त्यांना स्वतःचंच इतकं पटत गेलं, की आपण काय सोडतोय याचा विसर पडला.

"म्हणजे पुन्हा मागायचं नाही?" बाईंनी विचारलं.

"प्रश्नच नाही," धनंजयराव रुबाबात म्हणाले.

"तो पापा, मम्मी के भी साइन चाहिए न?" कॉलेजात जाणारी मैत्रेयी म्हणाली. (पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.) चार्ज देणाऱ्याबरोबर घेणाऱ्याचीही सही लागते, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं. बाईंनी तिथल्या तिथे सही ठोकली आणि दोन्ही पिशव्या ताब्यात घेतल्या.

पुढचे दोन रविवार भेंडी कोवळी आली आणि धनंजयरावांनी घरी बसून ओट्स खाल्ले. तिसऱ्या शनिवारी त्यांचा धीर सुटला. त्यांनी हळूच विषय काढला, तर बाई म्हणाल्या, रीतसर अर्ज करा, कारण नमूद करा. धनंजयराव तासभर कागदापुढे बसले. खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, की पत्नीला ओझी वाहताना पाहून जीव तुटतो.

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले.

"लग्नाला तेवीस वर्षं झाली, असं कधी बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "आता दर रविवारी दोघं जाऊ."

दुसऱ्या दिवशी निशातगंजच्या बाजारात बाई पुढे आणि दोन भरलेल्या पिशव्या घेऊन धनंजयराव मागे, अशी वरात निघाली. कचोरीवाल्याने त्यांना पाहिलं, ओळखीचं हसला आणि न विचारताच दोन गरम खस्ता द्रोणात काढल्या. धनंजयरावांनी घाईघाईने पाठ फिरवली आणि समोरच्या ठेल्यावरचा पहिला मुळा उचलून त्याचा भाव विचारला.

बाईंनी तो मुळा हातातून काढून घेतला.

"भाव मी करते," त्या मायेने म्हणाल्या. "तुम्ही फक्त ओझं धरा. जीव तुटतो ना तुमचा?"